शाळा सोडण्याचे कारण : मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सभासद,
चंद्रपूर, गडचिरोली आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या शाळा

सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. नोकरीला २२ वर्षं झाली. हे पत्र आधी शिक्षणमंत्र्यांना लिहावं असं वाटलं होतं. पण व्यसनात सापडलेल्या पोराचं पुढे काय करायचं, हे ज्या खोलीत ठरतं ती खोली मंत्रालयात नाही, तुमच्या-माझ्या शाळेत आहे. भिंतीवर तसबिरी, मधोमध लांब टेबल, कपाटावर कबड्डीच्या ढाली. त्या टेबलाशी बसणाऱ्यांशी मला बोलायचं आहे.

आमच्याकडे नववीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. मधल्या सुट्टीनंतर दप्तरं तपासली, तेव्हा त्याच्या कंपासपेटीत पन्नीत बांधलेला अर्धा खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुन्याचं घोटलेलं मिश्रण, निघाला. दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. ते मजुरी बुडवून आले, दाराशी उभे राहिले, आणि आत येण्याआधी बाहेर जाऊन तोंडातला खर्रा थुंकून आले. सभा वीस मिनिटं चालली. इतर मुलं बिघडतील, शाळेचं नाव जाईल, दहावीच्या निकालावर परिणाम होईल, असं एकेकाने सांगितलं. वडील एकदाच बोलले, "साहेब, एक डाव माफी द्या." मी वर्गशिक्षक होतो. मी काहीच बोललो नाही. सांगायला जड जातं, पण सांगतो : त्या वेळी माझ्या पँटच्या खिशात माझी स्वतःची पुडी होती.

दाखला तयार झाला. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांची विनंती. खाली मुख्याध्यापकांची, लिपिकाची आणि माझी सही.

दीड वर्षाने तो मुलगा मला बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर दिसला. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घेऊन घोटत बसला होता. मला पाहून त्याने हात थांबवले आणि म्हणाला, "सर, तुमचा नेहमीचाच ना?"

त्या दिवसापासून मी खर्रा खाल्लेला नाही. पण माझं सुटणं हा या पत्राचा विषय नाही. ज्या पोराला आम्ही खर्रा सापडला म्हणून शाळेबाहेर काढलं, तो सकाळपासून रात्रीपर्यंत खर्र्यातच बसलेला होता. शाळेत असता तर दिवसातले सहा तास तरी त्याच्या हातात वही असती. हे सहा तास आम्ही स्वतःच्या सहीने त्याच्याकडून काढून घेतले. माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे, बाकी सगळं तिच्यामागे येतं : व्यसन सापडलं म्हणून कोणत्याही मुलाच्या हातात दाखला देऊ नका.

आठवीपर्यंत तर तसं करताच येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे त्याला मारता किंवा मानसिक त्रास देता येत नाही. 'पालकांची विनंती' हे शब्द कलम १६ ला वळसा घालण्यासाठी वापरले जातात, हे आपण सगळे जाणतो. नववी-दहावीच्या मुलाला मात्र या कायद्याचं कवच नाही. चौदा-पंधराचं वय, खर्रा बारीक सवयीतून पक्क्या तलफेत जाण्याचं वय, आणि नेमकं तिथेच त्याला वाचवायला कायदा नाही. तिथे फक्त तुम्ही आहात.

आता खर्र्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात मुलांच्या व्यसनाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते, आणि आपण त्याला व्यसन म्हणायलाच तयार नसतो. पाहुणा आला की चहाच्या आधी पुडी पुढे होते. लग्नात, तेरवीत, रोवणीच्या बांधावर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ती असतेच. मुलं मला विचारतात, "सर, खर्रा का नशा होय? घरी सारेच खातेत." हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्यांनी जे पाहिलं त्यावरून ते विचारतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चारात एक माणूस न ओढता तंबाखू खाणारा निघाला होता. राज्याचा हा आकडा आहे. आपल्या गावचा काढायला पाहणीची गरज नाही, ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातली भिंत पाहिली तरी पुरे.

मुलांबद्दलची पाहणी त्याहून अस्वस्थ करणारी आहे. २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची तंबाखूविषयी पाहणी झाली. शंभरातली साडेआठ मुलं त्या वेळी तंबाखू वापरत होती. ज्यांनी कधीतरी न ओढण्याची तंबाखू तोंडात घातली होती, त्यांच्यातल्या ५२ टक्के मुलांनी ती दहावा वाढदिवस यायच्या आधी घातली होती. म्हणजे तिसरी-चौथीत. आपण नववीत दप्तरं तपासतो.

खर्रा दुहेरी मारतो. तंबाखूची तलफ लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातली सुपारी लोकांना निरुपद्रवी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, त्यात तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलेलं आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू निबर होते, पांढुरकी पडते, तिच्यात पट्टे येतात आणि तोंड उघडेनासं होतं. पहिली खूण फार साधी असते : मूल तिखट खाऊ शकत नाही. आपल्याकडचं, सावजी रश्शाची सवय असलेलं पोरगं वरणभातावर येतं आणि आईला वाटतं याची जीभ नाजूक झाली. हा बदल एकदा झाला की तो सहसा मागे फिरत नाही. खाणं बंद केलं तर पुढचं नुकसान रोखता येतं, म्हणून तो लवकर ओळखण्याला एवढं महत्त्व आहे.

ओळखायला यंत्र लागत नाही. स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायची. निरोगी तोंडात ती सहज मावतात. मी आमच्या दहावीच्या वर्गात हे करून पाहिलं. सगळी मुलं हसत होती. हसता हसता मागच्या बाकावरची दोन पोरं गप्प झाली. त्यांची दोनच बोटं आत जात होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही, पण शाळा सुटल्यावर त्यातला एक माझ्या सायकलीपाशी येऊन थांबला. शंभर भाषणांनी जे झालं नसतं ते त्याच्या स्वतःच्या बोटांनी केलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा आपल्या शाळेत येतं, वजन-उंची घेतं, डोळे-दात पाहतं. पाचवीपासूनच्या प्रत्येक मुलाचं तोंड किती उघडतं तेही पाहा, असा आग्रह मुख्याध्यापकांनी त्या डॉक्टरांना जरूर करावा. मात्र ज्या मुलाची बोटं आत गेली नाहीत त्याचं नाव वर्गासमोर वाचू नका.

कायद्याबद्दल बोलायचं तर तो कमी नाही. २०१२ च्या जुलैपासून राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. नंतरच्या आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही आले, आणि ते आदेश दरवर्षी नव्याने निघतात. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. ते शाळेच्या फाटकापासून रस्त्याने मोजायचे नसतात, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचे असतात. मी आठवीच्या मुलांना घेऊन हे मोजलं. भूमितीचा तास होता, त्रिज्या शिकवायची होती. शाळेच्या मागच्या बाजूचा ठेला ९१ मीटरच्या आत निघाला. रस्त्याने जायचं तर तो अर्धा किलोमीटर लांब पडतो, म्हणून कुणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कुंपणाला मात्र त्याच बाजूला, एक पोर निघेल एवढं भोक होतं.

या कायद्यात दंड अवघा २०० रुपयांपर्यंत आहे. म्हणून ठेलेवाला भीत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ त्याने ऐकलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आपणही ऐकलेलं नसतं. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "आजोबांसाठी नेतोय" म्हणणाऱ्या पोराच्या हातात पुडी ठेवणारा याच कलमात बसतो. आमच्या मुख्याध्यापकांनी हे कलम मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, आणि समितीचे चार सभासद ते घेऊन स्वतः प्रत्येक ठेल्यावर गेले. भांडायला गेले नाहीत. ठेलेवालेही गावचेच, त्यांचीही पोरं आमच्याच शाळेत. मागचा ठेला दोन महिन्यांत हलला. त्याला बाजाराकडे जागा मिळावी म्हणून ग्रामसभेत आम्हीच बोललो. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमाच्या कामातून गावोगावच्या लोकांनी खर्राविक्री बंद करण्याचे निर्णय घेतले, ते पोलिसांची वाट पाहून नव्हे. १९९३ ची त्या जिल्ह्याची दारूबंदीही आधी लोकांनी, त्यातही बायकांनी मागितली होती.

पण ठेला हलवून आपलं काम संपतं असं मी मानत नाही. ठेला शाळेच्या आतही असतो. शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीखालचा कोपरा, मुतारीची भिंत, पोषण आहाराचं सामान उतरवणाऱ्याचा गाल, सभेत टेबलाखाली हळूच पुढे होणारी पुडी. शाळेच्या दाराशी 'तंबाखूमुक्त शाळा' असा फलक आहे. मुलं तो वाचतात आणि मग आमच्या तोंडाकडे पाहतात. मी १४ वर्षं खर्रा गालात धरून समीकरणं शिकवली. मागच्या बाकावरून एकदा हळूच आवाज आला होता, "सर, आधी थुंकून या ना." वर्ग हसला आणि मी त्या मुलाला बाहेर उभं केलं. आज तो मुलगा भेटला तर मी त्याची माफी मागेन.

म्हणून समित्यांना विनंती आहे की पहिला ठराव मुलांबद्दल करू नका. पहिला ठराव आपल्याबद्दल करा. शाळेच्या आवारात, शाळेच्या सभेत, सहलीत, स्नेहसंमेलनात कुणीही मोठा माणूस तंबाखू खाणार नाही, आणि ज्यांना सोडायची आहे त्यांना शाळा मदत करेल. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, हात आपोआप खिशाकडे जातो. तलफ लाटेसारखी येते आणि चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा लवंग, नाहीतर नुसतं पाणी. मी सोडत होतो तेव्हा सहावीतल्या मुली मला रोज विचारायच्या, "सर, आज किती दिवस झाले?" त्यांना काय उत्तर द्यायचं या धास्तीनेच मी कितीतरी दुपारी तगलो.

आता दुसऱ्या मुलाची गोष्ट. हा आठवीतला. त्याचे आई-वडील दरवर्षी जानेवारीत मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तेवढे महिने तो आजोबांजवळ असतो. आजोबांचा खर्रा आणायचं काम त्याचं. आणायला जाणारा खायला कधी लागला ते कुणालाच कळलं नाही. ठेल्यावर त्याच्या नावाची उधारीची वही होती.

त्याच्या खिशात पुडी सापडली तेव्हा पुन्हा तीच खोली, तेच टेबल. या वेळी मी बोललो. काय बोललो ते महत्त्वाचं नाही. समितीतल्या एक माता-पालक म्हणाल्या, "काढून दिलं तर दिवसभर राहील कोठं?" आणि सभा तिथेच फिरली.

आम्ही काय केलं ते सांगतो. त्यात मोठं काही नाही. सगळ्यांत आधी, त्याच्याशी बोलायचं काम एकाच माणसाकडे दिलं. सहा शिक्षक सहा प्रकारे समजावू लागले की मूल बधिर होतं. तो ज्यांच्याशी मोकळा बोलायचा त्या चित्रकलेच्या मॅडम होत्या, म्हणून काम त्यांना दिलं. त्यांनी "का खातोस?" असं कधी विचारलं नाही. "का"ला उत्तर नसतं, त्यावर मूल फक्त मान खाली घालतं. त्यांनी विचारलं, "कधी कधी खावासा वाटतो?" तो म्हणाला, संध्याकाळी. आजोबा झोपतात, घरात कुणी नसतं, आईचा फोन आठवड्यातून एकदा येतो. मग त्या संध्याकाळीच आम्ही काम केलं. शाळेचं मैदान साडेसहापर्यंत उघडं ठेवायला सुरुवात केली, शिपाईकाकांना त्याचा थोडा मोबदला समितीने लोकवर्गणीतून दिला. कबड्डी सुरू झाली. मी आजोबांकडे गेलो. नोटीस पाठवून त्यांना शाळेत बोलावलं नाही. त्यांच्या अंगणात बसलो, तीन बोटं त्यांना माझ्याच तोंडात घालून दाखवली, माझी अडीच जातात. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोराले नाई पाठवत मी आता." ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्यांनी पोराचं तोंड तपासलं. वर्गात तलफ आली तर न विचारता दोन मिनिटं बाहेर जाऊन पाणी पिऊन यायची त्याला मुभा होती.

दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा घसरला. संक्रांतीनंतर पुन्हा एकदा. दोन्ही वेळा त्याने स्वतःहून मॅडमना सांगितलं. घसरल्यावर त्याने लपवलं नाही, याला मी त्या वर्षातलं आमचं सगळ्यात मोठं यश मानतो. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हापासून तिथे व्यसनाला आजार मानून काम चालतं. आजार पुन्हा उलटला म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढत नाही. हा मुलगा पूर्ण सुटला का, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो रोज शाळेत येतो एवढं सांगू शकतो.

मुलींकडे आपलं लक्षच जात नाही. त्यांची दप्तरंही कुणी तपासत नाही. पण आपल्या भागात दाताला नस, म्हणजे तंबाखूची भुकटी, लावणाऱ्या आज्या घरोघर आहेत, आणि दात दुखला की नातीच्या बोटावरही त्या चिमूटभर ठेवतात. पुढे दुखणं जातं, नस राहते. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं, असं सातवीतली मुलगी सांगते तेव्हा ती तलफेबद्दलच बोलत असते, फक्त तिला तो शब्द माहीत नसतो. महिला शिक्षकांनी मासिक पाळीच्या सत्रात हा प्रश्न सहज विचारून पाहावा.

शहराजवळच्या शाळांपुढे आणखी वेगळी संकटं आहेत. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, खोकल्याची औषधं, झोपेच्या गोळ्या. एमडी म्हणजे मेफेड्रोनचं नाव आता खेड्यातल्या पोरांच्याही तोंडी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ते शेकडो किलोंनी सापडलं होतं. २०१९ च्या सरकारी राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त होतं : मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. या बाबतीत प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. नुकतंच सोल्युशन हुंगलेल्या मुलाला ओरडून दचकवू नका, त्याच्या मागे धावू नका. अशा वेळी हृदयाचे ठोके बिघडून मूल जागीच दगावू शकतं, अगदी पहिल्या वेळेसही. त्याला शांतपणे मोकळ्या हवेत बसवा, एकटं सोडू नका, आणि १०८ ला फोन करा.

दुसरं एक सांगायचं राहिलं, ते २६ जूनबद्दल. उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, आणि उघडल्या उघडल्या अमली पदार्थविरोधी दिन येतो. फेरी निघते, घोषणा होतात, एखादे साहेब येऊन सडलेल्या तोंडाचे फोटो दाखवतात, फोटो काढून वरती पाठवले जातात. हे करणाऱ्यांच्या मनात खोट नाही, मीही अनेक वर्षं फेरीच्या पुढे चाललो आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने जगभरचे अभ्यास तपासून जे मार्गदर्शन काढलं आहे, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की नुसतं घाबरवणं, एकतर्फी भाषण, किंवा व्यसनातून सुटलेल्या माणसाची केवळ कहाणी ऐकवणं याने मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही, कधी उलटाही परिणाम होतो. उपयोग होतो तो मुलांनी स्वतः बोलण्याचा, सराव करण्याचा, आणि हे वर्षभर थोडं थोडं चालू ठेवण्याचा.

मी आधी गणिताच्या मार्गाने गेलो होतो. रोज २० रुपयांचा खर्रा, वर्षाचे किती? फळ्यावर ७,३०० आले. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं आणि मधल्या सुट्टीत त्यातली काही पोरं ठेल्यावर गेली. मग आम्ही वेगळं केलं. एकाने म्हणायचं, "घे ना बे, चिमूटभरच हाय," आणि दुसऱ्याने दोस्ती न तुटता नाही म्हणायचं. हे फार अवघड असतं, करून पाहा. मुलांनी उत्तरं स्वतः शोधली. "उद्या मॅच हाय" हे सगळ्यात चाललेलं उत्तर. कारण त्यात समोरच्याला उपदेश नाही, आणि मॅच खरोखरच असते. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावातली इडापीडा मारबतीबरोबर बाहेर घालवायच्या आपल्या रीतीप्रमाणे, आमची पोरं गावातून ओरडत गेली तेव्हा रोगराई, माशा-मच्छरांबरोबर "खर्रा घेऊन जा गे मारबत" हेही त्यांनी आपल्या मनाने घातलं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं.

मदतीला माणसं आहेत. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं केंद्र आणि मानसिक आरोग्य विभाग असतो, किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक विनामूल्य आहेत. ते शिक्षकांच्या खोलीत लावून उपयोग नाही, मुलांच्या वहीत लिहून द्या. नशेच्या पदार्थात अडकलेला माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४अ त्याला संरक्षण देतं, हेही पालकांना सांगा. पोलीस केस होईल या भीतीने कितीतरी आई-बाप तोंड मिटून बसतात.

तुमच्या पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, एवढंच मागणं आहे. कुणाला आमच्या ठरावाची प्रत हवी असेल तर देईन. आठ ओळींचा आहे.

आता शेवटचं. पानठेल्यावर बसणारा तो मुलगा यंदा १९ वर्षांचा झाला. गेल्या महिन्यात तो शाळेत आला, पाच वर्षांनी पहिल्यांदा फाटकाच्या आत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं म्हणाला. फॉर्मला दाखला लागतो. त्याचा दाखला पावसाळ्यात घर गळून भिजून गेला होता, म्हणून दुय्यम प्रत हवी होती. दुय्यम प्रत रजिस्टरवरून जशीच्या तशी उतरवावी लागते, एक अक्षरही बदलता येत नाही. लिपिक रजेवर होते, म्हणून ती मी लिहिली. तो टेबलाच्या पलीकडे उभा होता. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' लिहिलं. पुढच्या रकान्याशी माझं पेन थांबलं. तो म्हणाला, "लिहा सर, वेळ होते." मी लिहिलं : पालकांची विनंती.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याकडे बीजगणित शिकायला येतो. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. गुणाकार अजून पक्का आहे.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातील एक गणित शिक्षक